तोंडी माप

"पाण्याची गोळी दिवसाला किती देत होतात?" डॉक्टरीणबाईंनी विचारलं आणि मी म्हणालो, "एक."

हे मी दुसऱ्यांदा म्हणत होतो. परवा धाकट्याला इथे आणलं तेव्हा एका तरुण डॉक्टरने उभ्या उभ्या हेच विचारलं होतं, आणि तेव्हाही तोंडातून एक असंच गेलं होतं. पण ते घाबरून. माझा भाऊ चाकाच्या खाटेवर पडून हवेत हात नाचवत होता आणि मला विचारत होता की वर्गात एवढे दिवे कशाला लावलेत. तेव्हा कुणी माझं नाव विचारलं असतं तरी मी भलतंच सांगितलं असतं. आज तसं नव्हतं. आज मी खुर्चीत बसलो होतो, पुढ्यात पाण्याचा पेला होता, दुपारचा दीड वाजला होता, बाईंना घाई नव्हती, आणि शेजारी धाकट्याची बायको हातरुमालाचं टोक पिळत बसली होती. आजचं "एक" मी नीट जुळवून, काठ दुमडून म्हणालो. बाईंनी ते लिहून घेतलं. माझ्या धंद्यात खडूने मारलेली रेघ झटकली की जाते; पेनाचं तसं नसतं, हे मला त्या वेळी उगाचच आठवलं.

"मी परत परत का विचारतेय ते सांगते," बाई म्हणाल्या. "यांची किडनी मुळात खराब नाहीये. लिव्हर बिघडलं की रक्त भलतीकडे साचून राहतं, पोटात पाणी होतं, आणि किडनीला वाटतं की अंगात पाणीच उरलं नाही. मग ती काम थांबवते. पोटात पाणी डबडबलेलं आणि किडनी तहानलेली, असं. आता हे लघवीवाटे पाणी काढणाऱ्या त्या गोळ्या जास्त झाल्याने झालं असेल तर गोळ्या बंद केल्यात, प्रथिनांच्या बाटल्या चालू आहेत, अजून एक-दोन दिवस वाट बघू शकतो. बऱ्याचदा किडनी परत चालू होते. पण लिव्हरनेच तिला ओढून खाली नेलं असेल तर थांबून उपयोग नाही, दुसरं औषध लगेच लावावं लागतं. ते जबरदस्त औषध आहे. यांचं हृदय थोडं अशक्त दिसतंय, त्याला ते झेपेल का याची मला काळजी वाटते. दिवसाला एक गोळी म्हणजे काही फार नाही. एका गोळीने एवढं कोरडं पडायला नको."

"आणि मी दिल्या त्या?" भावजयीने विचारलं. तिचा आवाज दोन दिवसांत घोगरा झाला होता. "पायात गोळे येत होते म्हणून दुखण्याच्या गोळ्या दिल्या होत्या मी."

"त्या द्यायलाच नको होत्या. दोनच दिल्यात ना? दोन गोळ्यांनी सहसा इतकं होत नाही, पण अशा पेशंटमध्ये होऊही शकतं. चार वाजता रिपोर्ट आले की ठरवू."

भावजयीने मान हलवली. शिक्षा सुनावल्यावर माणूस हलवतो तशी. आणि मी, तिचा थोरला दीर, जिच्या घरात माझं ताट गेली एकतीस वर्षं वाढलं जातं तो, मूग गिळून बसलो. कारण गोळ्या दोन होत्या. सकाळची ती द्यायची, डॉक्टरांनी लिहून दिलेली. दुपारची मी द्यायचो, मीच ठरवलेली. तेरा दिवस.

बाहेरच्या बाकावर आम्ही दोघं येऊन बसलो. समोरून सफाईवाला ओलं फडकं मारत गेला. त्याच्या गणवेशाची बाही खांद्यात इतकी चुकीची बसवली होती की हात वर केला की अख्खा सदरा वर जायचा. असल्या वेळीही मला हे दिसतं, याची मला लाज वाटते. पण पन्नास वर्षं जे डोळे बाह्या बघत आलेत ते दु:ख झालं म्हणून मिटतात थोडेच. परवापासून या बाकावरून मी कितीतरी माणसं मनात बेतली आहेत. जिन्याशी उभा असलेला तो उंच मुलगा बापाची विजार घालून आलाय. ती म्हातारी दर पाच मिनिटांनी ब्लाउजची शिवण चाचपते, तिथे काहीतरी ठेवलंय. माणसं दवाखान्यात येतात ती हाताला लागेल ते अंगावर चढवून, त्यामुळे कुणालाच काही नीट बसलेलं नसतं. भावजयीच्या अंगात ऑफिसला घालायचा तो करडा ड्रेस होता, मीच शिवलेला, आणि तो आता तिला सैल दिसत होता. दोन दिवसांत माणूस एवढं उतरतं का? की मी आज पहिल्यांदा नीट बघत होतो? ती समोरच्या भिंतीकडे बघत म्हणाली, "दादा, थोडं खाऊन या तुम्ही." मी नको म्हणालो.

माप घेताना गिऱ्हाईक पोट आत ओढतं. सगळी ओढतात, बारीकसुद्धा. माझ्या वडिलांनी मला टेप धरायला शिकवलं ते याच्यापासून. म्हणायचे, टेप लावून थांबायचं, काहीतरी विचारायचं, घरी सगळे कसे आहेत, पाऊसपाणी काय म्हणतंय. माणूस बोलायला लागला की श्वास सोडतो, तेव्हा आकडा बघायचा. आणि दुसरी गोष्ट याच्याही वरची. जाड गिऱ्हाइकाला खरा आकडा कधी ऐकवायचा नाही. तोंडाने म्हणायचं अडतीस आणि वहीत लिहायचं चाळीस. आमच्या दुकानात याला तोंडी माप म्हणत. गिऱ्हाईक खूश होऊन जातं, कपडा वहीतल्या मापाने बेतला जातो, आणि घालून बघताना म्हणतं, बघा, अडतीसच्या मापाचा कसा चपखल बसला. यात कुणाचं काही बिघडत नाही. वडील याला माणुसकी म्हणायचे. मीही म्हणत आलो. फक्त एक अट असते, वहीत खरं लिहिलेलं पाहिजे. आज बाईंच्या वहीत काय गेलं?

धाकटा माझ्याहून नऊ वर्षांनी लहान. आई त्याला माझ्या कडेवर देऊन कामाला लागायची, त्यामुळे भाऊ म्हणून तो मला कळायच्या आधी वजन म्हणून कळला. पुढे मी शिवायला शिकलो तो त्याच्यावर. पहिली चड्डी, पहिला सदरा, पहिली फसलेली विजार, जिचा एक पाय वर होता आणि जी त्याने वर्षभर कुरकुर न करता घातली. शाळेत मुलं चिडवायची तर सांगायचा, नवीन फॅशन आहे, तुम्हाला नाही कळायची. गणितात हुशार होता. मला शंभरापुढचे हिशेब आले की घाम फुटायचा आणि तो खांद्यावरून डोकावून उत्तर सांगून पळायचा. गणिताचा मास्तर झाला. त्याने आयुष्यात दारूचा थेंब घेतला नाही. हे मला सगळ्यांना ओरडून सांगावंसं वाटतं, कारण लिव्हर म्हटलं की लोकांच्या भुवया वर जातात. "प्यायचे का फार?" शेजारी विचारतात, औषधवाला विचारतो, परवा त्या चाकाच्या खाटेला हात लावणाऱ्या माणसानेही विचारलं. पितो तो मी. महिन्यातून दोनदा, दुकान बंद करून, चवीने. माझं लिव्हर ठणठणीत. त्याला लहानपणी कधीतरी कुठल्याशा सुईतून कावीळ शिरली आणि पन्नास वर्षं आत गुपचूप बसून राहिली. देवाच्या कारखान्यात मापं कोण घेतं मला माहीत नाही, पण माणूस चुकार आहे.

दोन वर्षांपूर्वी पोटात पाणी व्हायला लागलं ते डॉक्टरांच्याही आधी मला कळलं. विजारीचं बटण लागेना म्हणून तो दुकानात आला आणि मी टेप लावला. हात-पाय काड्या आणि पोट पुढे. तेव्हापासून दर रविवारी सकाळी मी त्याचं माप घ्यायचो. त्याला टेबलाशी उभा करायचो, तो सवयीने पोट आत ओढायचा, पाण्याने भरलेलं पोट कुठलं आत जातंय, पण ओढायचा, आणि मी म्हणायचो, "सोड रे, मास्तर. परीक्षा नाहीये." त्याच्या विजारी मी उसवल्या, मागे पट्ट्या घातल्या, कमरेला नाडी लावली. त्या विजारी घरच्या होत्या, त्यांचं कुणाला काय. डॉक्टरांनी रोज वजन करायला सांगितलं होतं. दिवसाला अर्ध्या किलोच्या वर उतरलं तर फोन करा, म्हणाले होते. भावजय रोज सकाळी वजन करून कॅलेंडरवर लिहायची. माझा त्या काट्यावर विश्वास नव्हता. मी टेपचा माणूस.

मग तो कोट निघाला. तिन्हीसांजेला भावजय कपाट आवरत होती आणि राखी रंगाचा, बारीक निळी रेघ असलेला तो कोट तिने पलंगावर टाकला. धाकटा नोकरीला लागला त्या आठवड्यात मी तो शिवला होता. आजवर माझ्या हातून त्याच्याहून चांगलं काही झालेलं नाही. कॉलर अशी बसली होती की मानेभोवती बोट फिरवावं तर कुठे अडत नाही. धाकटा त्याच्याकडे बघून हसला. "पुढच्या महिन्यात निरोपसमारंभ आहे माझा," म्हणाला. "पहिल्या दिवशी हाच घातला होता. शेवटच्या दिवशी हाच घातला असता, पण आता हा माझ्या निम्म्या अंगाला होईल." तो गंमत करत होता. त्याच्या बाजूने ते तिथेच संपलं होतं, तो उठून बातम्या ऐकायला गेला. आणि मी मात्र तो कोट उचलून दुकानात नेला.

कोटाला आत जास्तीचं कापड ठेवलेलं असतं, आम्ही त्याला माया म्हणतो. मी ती भरपूर ठेवली होती, पण एकतीस वर्षांत दोनदा वापरून झाली होती. आता आत काही नव्हतं. फार ताणून अडतीस इंच. धाकट्याचं पोट बेचाळीस. आता कुठलाही शहाणा शिंपी काय करेल? पाठीची शिवण उसवेल आणि मध्ये जोड घालेल. मी जोडासाठी कापड शोधायला तीन दिवस बाजारात फिरलो. तशी निळी रेघ कुठे मिळेना. एका दुकानदाराने जवळपासचं एक काढलं, उजेडात धरलं तर सरळ हिरवट. म्हणाला, "पाठीकडून कोण बघतंय?" मी बघतो. फळ्याकडे तोंड करून उभा राहिला की सगळी शाळा पाठीकडूनच बघते. माझ्या त्या कोटाच्या पाठीवर ठिगळ घालून मी माझ्या भावाला व्यासपीठावर पाठवणार नव्हतो. कोट अंगाला बसवता येईना, तेव्हा मी अंग कोटाला बसवायला निघालो. आज हे वाक्य किती सरळ दिसतं. तेव्हा मला वाटलं होतं की मी त्याची काळजी घेतोय.

आजारपणाच्या रजेवर असल्याने तो दहा ते चार माझ्याकडे दुकानात बसायचा, वह्या तपासायचा, कंटाळा आला की माझ्या वहीतल्या बेरजा तपासायचा. औषधवाल्याच्या शर्टांच्या कॉलरी मी वर्षानुवर्षं उलटवून देतोय. त्याने चिठ्ठी न मागता त्याच गोळ्यांचं पाकीट पुढे केलं. दुपारी एक वाजता मी गोळी आणि पेला पुढे धरायचो आणि म्हणायचो, "ही दुपारची." बस्स, एवढंच. पोराने उत्तर बरोबर काढलं तरी पायऱ्या दाखव म्हणून छळणारा माझा भाऊ, त्याने मला एकदाही विचारलं नाही की ही कुठून आली, कुणी लिहून दिली. माझ्या हातून घेतली आणि गिळली. त्याने विचारलं असतं तर मी काय सांगितलं असतं? सुचलं असतं काहीतरी. पण त्याने विचारलं नाही, आणि तेच मला आता बाकावर बसू देत नाही.

पहिल्या रविवारी चाळीस. मी टेप दोनदा लावून बघितला. दुसऱ्या रविवारी साडेअडतीस. मी त्या दिवशी दुकानात शीळ घातली. भावजय म्हणाली, वजन फार झपाट्याने उतरतंय दादा, फोन करू का डॉक्टरांना? मी म्हणालो, अगं, पाणीच उतरतंय ते, चांगलं लक्षण आहे, कशाला उगीच. तिने ऐकलं, कारण आमच्या घरात अंगाच्या मापाबद्दल शेवटचा शब्द माझा असतो. धाकट्याची जीभ कोरडी पडायला लागली होती. पायात गोळे यायचे, तो पोटरी धरून टेबलाखाली वाकायचा आणि वर येऊन म्हणायचा, "वय झालं रे." मी त्याला कोट चढवायचो आणि आरशासमोर उभा करायचो. मधलं बटण लागायला अर्धा इंच राहिला होता. मग पाव इंच.

निरोपसमारंभाला मी तिसऱ्या रांगेत बसलो होतो. बटण लागलं होतं. तो बोलायला उभा राहिला तेव्हा कॉलर मानेला अशी धरून होती की मला वाटलं, वडील असायला हवे होते. लोक येऊन म्हणत होते, सर, बरे झालात की, बारीक झालात. जुन्या एका विद्यार्थ्याने कापड बोटांत धरून विचारलं, कुठल्या दुकानातला? धाकट्याने माझ्याकडे बोट केलं. आयुष्यात मला कुणी हार घातला नाही, पण ते बोट मला पुरलं. तो बोलताना दोनदा पाणी प्यायला, टेबलाला धरून उभा होता, सत्तावीसच्या पाढ्याचा एक विनोद तो दरवर्षी करायचा तो करताना मध्येच अडला आणि हसून पुढे गेला. सगळे हसले. मीही हसलो, पण मनात पाल चुकचुकली, कारण सत्तावीसचा पाढा तो झोपेत म्हणू शकतो. मी त्या पालीला हाकललं. मला कोट बघायचा होता.

समारंभानंतर चौथ्या दिवशी सकाळी भावजयीने त्याला विचारलं आज कुठला वार, तर तो म्हणाला, "हजेरी घ्या आधी." आदल्या दिवसापासून लघवी झालेली नव्हती.

"दादा," बाकावर भावजय म्हणाली. मी दचकलो. चोराच्या मनात चांदणं. "त्यांना काही झालं तर मी मारलं असं होईल का हो?"

"वेडी आहेस का."

"त्या गोळ्या माझ्या पर्समध्ये होत्या. मला डोकेदुखीला लागतात. पाकिटावर लिहिलेलं असतं बारीक अक्षरात. मी वाचलं नाही. ऑफिसात दिवसभर लोकांना सांगते, फॉर्म नीट वाचून सही करा, आणि मी..." तिने रुमाल तोंडावर धरला. ती आवाज न करता रडते, खांदे हलत नाहीत. नुसता रुमाल भिजतो. मी तिच्या पाठीवर हात ठेवायला उचलला आणि परत मांडीवर ठेवला. त्या हाताने तेरा वेळा पेला धरला होता. मी म्हणालो, "दोन गोळ्यांनी काही होत नाही." हे खरं होतं आणि तरीही माझ्याइतका खोटारडा माणूस त्या दुपारी त्या इमारतीत दुसरा नसेल. मी दोन दिवस स्वत:ला समजावत होतो की गोळ्या तर बंदच झाल्यात, आता सांगून काय फरक पडणार, उलट घर फुटेल. या घराशिवाय मला काय आहे? लग्न मी केलं नाही, दुकानाच्या वरची खोली आणि खाली यांचं स्वयंपाकघर. उद्या तिने माझं ताट वाढलं नाही तर मी कुठे जाऊन जेवू, हा विचार माझ्या मनात आला होता. भाऊ आत पडलेला आणि मी ताटाचा विचार करत होतो. आता बाईंनी फरक काय पडतो ते सांगितलं होतं, आणि तरी मी एक म्हणालो होतो.

पावणेचारला सिस्टर एक कागद घेऊन आल्या. "रिपोर्ट आलेत. किडनीचा आकडा वाढलाय. मॅडम म्हणाल्या, ते दुसरं औषध सुरू करायचंय, त्याची संमती लागेल. वाचून सही करा."

भावजयीने या वेळी वाचलं. एकेक ओळीवर बोट ठेवून, ओठ हलवत. हृदयाचे ठोके, श्वास, धोका, नातेवाइकांना समजावून सांगितलेलं आहे. मी तिच्या बोटाबरोबर खाली खाली येत होतो. शेवटच्या ओळीशी बोट थांबलं आणि तिने पेनाचं टोपण काढून माझ्याकडे बघितलं. "करू ना दादा सही?"

"दोन," मी म्हणालो.

"काय दोन?"

"पाण्याच्या गोळ्या. सकाळची तू द्यायचीस. दुपारी दुकानात मी आणखी एक द्यायचो. तेरा दिवस दिली. डॉक्टरांना विचारलं नाही. कोटाचं बटण लागावं म्हणून."

सिस्टर माझ्याकडे आणि तिच्याकडे बघत राहिल्या. मग त्या वळल्या आणि झपझप बाईंच्या खोलीकडे गेल्या. भावजयीने पेनाला टोपण लावलं. ते नीट बसलं की नाही ते बघितलं. मला वाटलं ती ओरडेल, आणि मला ते हवं होतं. ती हळूच म्हणाली, "दोन दिवस तुम्ही माझ्या शेजारी बसून होतात."

"मी रडत होते आणि तुम्ही शेजारी बसून होतात," ती म्हणाली, उठली आणि बाकाच्या दुसऱ्या टोकाला जाऊन बसली. मध्ये तीन माणसं बसतील एवढी जागा. ती मी मोजली, कारण मला दुसरं काही येत नाही.

बाई आल्या त्या रागावल्या नाहीत. त्यांनी मला उभ्या उभ्या विचारलं, कुठली गोळी, किती ताकदीची, कुठल्या तारखेपासून. शर्टाच्या आतल्या खिशात ते रिकामं पाकीट दोन दिवस मी घेऊन हिंडत होतो. टाकवत नव्हतं आणि दाखवतही नव्हतं. ते काढून दिलं. बाईंनी त्यावरचे आकडे बघितले, मग वही उघडून आधीच्या आकड्यावर आडवी रेघ मारली आणि शेजारी नवा लिहिला. "म्हणजे अंगातलं पाणी बरंच जास्त खेचलं गेलंय," त्या म्हणाल्या. "शिवाय त्यात दुखण्याच्या गोळ्यांची भर. आज ते औषध नको. बाटल्या वाढवते. उद्या सकाळपर्यंत थांबू."

"वाचेल ना?"

"ते मला आज सांगता येणार नाही. किडनी चालू झाली तरी लिव्हर तेच आहे." त्या दोन पावलं गेल्या आणि परत आल्या. "निदान खोट्या आकड्यावर नाही ठरवत आता. पण हे परवाच सांगायला हवं होतं तुम्ही."

हो, म्हणालो.

थोड्या वेळाने सिस्टरनी दारातून विचारलं, "पोटाचा घेर मोजायचाय. आमचा टेप कुणीतरी नेलाय. तुमच्याकडे..." आणि त्या गप्प झाल्या, कारण तो माझ्या गळ्यात होता. परवा दुकानातून धावत आलो तेव्हापासून तो तसाच होता. या दोन दिवसांत कुणी मला ते सांगितलं नव्हतं.

धाकटा डोळे अर्धे मिटून पडला होता. चेहरा पिवळा, ओठांना साल आलेली. खाटेच्या कडेला लघवीची पिशवी लटकत होती, तिच्यावर आकड्यांच्या रेघा होत्या आणि तळाशी गडद चहासारखं थोडं काही होतं, पहिल्या रेघेच्या खालीच. मी तिच्याकडे फार वेळ बघितलं. उभ्या माणसाचं माप एकटा माणूस घेऊ शकतो. आडव्या माणसाचं घ्यायला पलीकडे कुणीतरी लागतं, टेप पाठीखालून ओढून द्यायला. मी सिस्टरकडे बघितलं, पण त्या बाटली बदलत होत्या. मी टेपचं टोक त्याच्या कमरेखाली सरकवलं आणि ते अर्ध्यात अडकलं. तेवढ्यात पलीकडून एक हात आला. भावजयीने त्याच्या पाठीखाली हात घालून टोक शोधलं, ओढून बाहेर काढलं, पीळ पडला होता तो सरळ केला आणि माझ्याकडे दिलं. माझ्याकडे बघितलं नाही.

टेप पोटावर आला तसा धाकट्याने श्वास आत ओढला. भान नाही, वार आठवत नाही, आणि पोट आत ओढलं. माझे डोळे भरून आले आणि आकडे दिसेनात.

"दादा," तो म्हणाला. जीभ जड होती. "घट्ट होतंय?"

"हो. घट्ट होतंय."

"बटण..."

"नाही लागत बटण. राहू दे. मी मागे जोड घालतो."

त्याची बोटं छातीवर बटण शोधत राहिली. "दिसेल," म्हणाला.

"दिसू दे. तू श्वास सोड."

त्याने सोडला नाही. मी टेप धरून थांबलो. पलीकडे भावजय थांबली होती, तिची बोटं अजून टेपवर होती. मग मला वडील आठवले आणि मी विचारलं, "मास्तर, सत्तावीस सक?"

त्याचे ओठ हलले. उत्तर आलं नाही, पण ते शोधता शोधता त्याचा श्वास सुटला, लांब, आणि पोट होतं तेवढं झालं. निरोपसमारंभाच्या दिवशीपेक्षा सव्वा इंच जास्त. सिस्टर पेन घेऊन उभ्या होत्या. भावजय पहिल्यांदाच माझ्या तोंडाकडे बघत होती.

"सव्वाएकोणचाळीस," मी मोठ्याने म्हणालो, आणि सिस्टरनी तेच लिहिलं.